मागच्या खोलीतली पेटी

पीयूषचा मेसेज आला तेव्हा मी बडोद्यात, मांजलपूरच्या फ्लॅटच्या गॅलरीत मेथी निवडत बसले होते. गुजरातीत दोन ओळी. मॅडम, मागची खोली रिकामी करायची आहे, तुमची पेटी घेऊन जा. बस. ना कसे आहात, ना काकांची तब्येत कशी आहे. खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं, तेच मला सगळ्यात जास्त झोंबलं.

पीयूष हा रेवाबेनचा मुलगा, आणि रेवाबेन कंठेश्वरची. नर्मदेकाठचं हे गाव आमच्या घराण्यात इतकं मुरलेलं आहे की माझ्या मुलांना लहानपणी वाटायचं, प्रत्येकाचं बडोद्यात एक घर असतं आणि कंठेश्वरला एक खोली. माझे सासरे शौकीन माणूस. त्यांचे आजोबा गायकवाडी रिसाल्यात घोडेस्वार होते. सासऱ्यांच्या वाट्याला घोडा आला नाही, कचेरीतली खुर्ची आली, पण ऐट सगळी रिसाल्याची. शनिवारी दुपारी रावपुऱ्यातून सेव-उसळ बांधून घ्यायची, डभोईवरून सुटायचं आणि कंठेश्वर गाठायचं. तिथे रेवाबेनचे सासरे नाव चालवायचे. त्यांनी आपल्या घराची नदीकडची मागची खोली सासऱ्यांना उघडून दिली आणि म्हणाले, साहेब, ही तुमचीच. आम्ही तो शब्द धरून ठेवला.

आता पेटीचं सांगते. ती माझ्या सासूबाईंची, कौशल्याबाईंची. भलीमोठी पत्र्याची पेटी, वर आजेसासऱ्यांचं नाव रंगवलेलं. आत पितळी पातेली, ताटं, वाट्या, तांब्या, एक स्टोव्ह. सासूबाईंचं म्हणणं असं की नावाड्याच्या घरी मासळी शिजते, त्यांच्या भांड्यांना वास असतो, आणि आपण शिलेदाराचं घराणं, आपण कुणाच्याही ताटात जेवत नाही. आमच्या रावपुऱ्यातल्या जुन्या घरी दर बुधवारी मटण शिजायचं, पण ते वेगळं. मी नवी नवरी, मला काय विचारायचं होतं? सासूबाई गेल्या आणि पेटीची चावी माझ्या मंगळसूत्राच्या शेजारी, साखळीत आली. आमची भांडी त्यांच्या घरात कायमची राहतात, याहून जवळचं नातं कुठलं असतं, असं मी सगळ्यांना सांगायचे.

त्यातही एक किस्सा माझा फार लाडका. एकदा वैशाखात आम्ही कंठेश्वरला पोचलो आणि बघते तर चावीची साखळीच बडोद्यात राहिलेली. पोरं भुकेली, रेवाबेनचं जेवण तयार, आणि ताटं पेटीत! मग रेवाबेनचा नवरा शनाभाई तसाच उठला, ओढ्यापलीकडे जाऊन पळसाची पानं घेऊन आला. रेवाबेननं तिथल्या तिथे पत्रावळी टाचल्या आणि आम्ही अंगणात पंगत मांडून जेवलो. काय चव होती त्या जेवणाला! भिशीत, बारशाला, समा भागातल्या नणंदेकडे, जिथे जाईन तिथे मी हा किस्सा सांगितला आहे. लोक म्हणायचे, वसुंधरा, नशीबवान आहेस, असं गाव आम्हाला मिळालं असतं तर.

आणि आता ते पोर मला सांगतंय, पेटी घेऊन जा.

विक्रमसिंह पेपर वाचत होते. माझे यजमान. रिफायनरीतून निवृत्त झाले, मग बायपास झाली, आणि तेव्हापासून हा माणूस आठवडाभर गप्प असतो आणि शनिवार आला की बोलायला लागतो. पहाटे नदीवर जायचं, नावेत बसायचं, उन्हं चढली की परत यायचं. एक गंमत मात्र मला कधी कळली नाही. लोकांना बाहेरगावी गेलं की भूक लागते, यांची कंठेश्वरला मरायची. दुपारी मी पेटीतल्या ताटात गरम वाढायचे आणि हे दोन घास खाऊन उठायचे. नदीची हवा बाधते, असं मी समजत आले.

मी त्यांना मेसेज वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरं."

"बरं काय? खोली चाललीय आपली!"

"वसु, घर त्यांचं आहे."

"आणि तुमचे शनिवार? त्यांचं काय करणार आहात? या गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे बघणार?"

यावर त्यांनी पेपर उलटला. म्हणून मीच ठरवलं, येत्या शनिवारी जायचं आणि याचा सोक्षमोक्ष लावायचा. खरं सांगायचं तर शनिवार फक्त त्यांचे नव्हते. बडोद्यात मी कोण? या सोसायटीत बी विंगमधली आंटी. मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात. कंठेश्वरला गेले की घाटावरचा फुलवाला उठून उभा राहायचा, रेवाबेन अंगण झाडून ठेवायची, खोलीचं दार मी माझ्या हातानं उघडायचे. तिथे मी मालकीण होते. ते मला सोडायचं नव्हतं आणि मी ते सोडणार नव्हते.

गाडी मी चालवली. विक्रमसिंहांनी एक बॅग मागच्या सीटवर ठेवली होती. पेटी आणायला बॅग कशाला, विचारलं तर म्हणाले, असू दे.

रस्ता चौपदरी झाल्यापासून कंठेश्वरची भरभराट झाली, असं पेपरात येतं. ही भरभराट मला डभोई ओलांडल्यापासून दिसायला लागली. शेतांत तंबू, तंबूंवर विजेच्या माळा, जागोजागी मॅगीच्या टपऱ्या. गावाच्या तोंडाशी 'आय लव्ह कंठेश्वर' अशी माणसाच्या उंचीची लाल अक्षरं उभी केलेली, आणि त्या लव्हमध्ये मुंडकं घालून लोक फोटो काढत होते. घाटावर जिथे बायका दिवे सोडायच्या तिथे तिकीटघर. नदीत यांत्रिक बोटी, बोटींवर गाणी, गाण्यांवर नाचणारी माणसं. पोट सुटलेले बाप्ये गॉगल लावून मैयाच्या पाण्यात बिअरच्या बाटल्या गार करत होते. वाटलं, गाडी थांबवावी आणि एकेकाच्या कानाखाली वाजवावी. अशी माणसं घरी कशी राहत असतील देव जाणे. गाव आमचं, शांतता आमची, आणि ही टोळधाड येऊन सगळं ओरबाडून चालली होती.

गावात शिरताना एका शिट्टीवाल्यानं गाडी अडवली. पार्किंगची पावती फाडा म्हणाला.

मी काच खाली केली. "अरे भाई, आम्ही टुरिस्ट नाही. आम्ही घरचे आहोत. शनाभाई नावाड्यांच्या घरी जातोय, वर्षानुवर्षं येतोय."

"बधा एवुं ज कहे छे, बेन," तो म्हणाला, म्हणजे सगळे असंच म्हणतात, आणि पावती फाडून माझ्या हातात दिली.

मी भांडायला गाडीतून उतरणार होते. विक्रमसिंहांनी निमूट पावती घेतली, खिशात घातली आणि म्हणाले, "चाल ना आता."

घर ओळखू येईना. बैठं कौलारू घर होतं, त्याला दोन मजले चढले होते. वर पाटी, 'रेवा रिव्हर व्ह्यू होमस्टे'. अंगणात जिथे मी पंगत मांडली होती तिथे वेताच्या खुर्च्या आणि रंगीत छत्र्या. ओसरीवर अहमदाबादकडच्या पोरापोरींचं एक टोळकं जेवायची वाट बघत बसलेलं. आणि त्या ओसरीच्या कडेला, उन्हात, आमची पेटी. पेटीवर एक मुलगी बूट घालून मांडी ठोकून बसली होती आणि मोबाईलमध्ये बघून ओठांचे चंबू करत होती. तिच्या बुटाखाली आजेसासऱ्यांचं नाव.

"ऊठ!" मी ओरडले. "पहिली ऊठ त्याच्यावरून!"

मुलगी दचकून उठली, सॉरी आंटी म्हणाली. तेवढ्यात पीयूषची बायको कोमल हातात कुंकवाचं तबक घेऊन आली आणि माझ्या कपाळाकडे बोट नेलं. मी मागे सरले.

"हे काय? घरच्यांना कुणी टिळा लावतं का दारात?"

"पाहुण्यांना लावतो, मॅडम," कोमल गुजरातीत म्हणाली. मग विक्रमसिंहांकडे वळली, तबक खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि त्यांच्या पाया पडली. म्हणाली, बा आत आहे, काका. रेवाबेनला तिथे सगळे बा म्हणतात. विक्रमसिंह चपला काढून सरळ आत गेले. बॅग कोमलनं घेतली. मला त्याचं काही वाटायची उसंत नव्हती, कारण जिन्यावरून पीयूष उतरत होता.

पस्तिशीचा झाला असेल तो. शनाभाईसारखाच काळाभोर आणि उंच, पण अंगात पाटीवर होतं तेच नाव छापलेला टीशर्ट.

"पेटी बाहेर कुणी काढली?" मी विचारलं.

"में काढी," तो म्हणाला. "खोलीत रंगकाम चालू आहे. सोमवारपासून बुकिंग आहे."

"ती खोली तुझ्या आजोबांनी माझ्या सासऱ्यांना दिलेली आहे."

"वापरायला दिली होती, मॅडम."

"आणि हे मॅडम मॅडम काय लावलंयस? हॉटेल टाकलंस म्हणून काकी विसरलास का?"

"मी तुम्हाला काकी कधी म्हणालो?" तो म्हणाला. हे वाक्य तो मराठीत बोलला. स्वच्छ, आमच्या घरात बोलतो तसल्या मराठीत. "लहानपणी एकदाच म्हणालो होतो. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, मॅडम म्हण. तेव्हापासून मॅडमच म्हणतोय. तुमच्या आज लक्षात आलं."

"तुला मराठी येतं?"

"काकांनी शिकवलं. नावेत."

या पोराला मराठी येतं आणि इतकी वर्षं हा माझ्याशी गुजरातीतच बोलत आला, याचा अर्थ काय लावायचा? म्हणजे मी आणि सासूबाई त्या खोलीत बसून यांच्या घराबद्दल, यांच्या पोरांच्या मळक्या कपड्यांबद्दल, रेवाबेनच्या तेलकट हाताबद्दल जे काही बोललो, ते सगळं याला कळत होतं. मला घाम फुटला, आणि घाम फुटला की मला आणखी राग येतो.

"मग मराठीतच ऐक," मी म्हणाले. "तुम्ही लोकांनी गावाचा बाजार मांडलाय. देवाच्या घाटावर तिकिटं लावलीत. नदीत बाटल्या, डोक्यावर डीजे, दारात असल्या अर्ध्या चड्डीतल्या पोरी. चार गाड्या यायला लागल्या तर घरची माणसं नकोशी झाली तुम्हाला. तुझ्या बापाला चाललं असतं का रे हे? शनाभाई असता तर त्यानं पेटी अशी उन्हात फेकली असती?"

बापाचं नाव काढायला नको होतं, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार?

ओसरीवरची पोरं मोबाईल खाली ठेवून बघायला लागली होती. पीयूष पेटीपाशी येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही त्यानं.

"ही लोकं मलाही आवडत नाहीत, मॅडम. बाटल्या टाकतात, रात्रभर ओरडतात, गाद्यांवर चटणी सांडतात. सकाळी घाट मी झाडतो, मला माहीत आहे ते काय आहेत. पण आई जे शिजवते ते आईच्या ताटात जेवतात. ताट चाटूनपुसून आत आणून देतात. तुम्ही आमच्या घरात कधी पाणी प्यायलात?"

"का नाही? इतकी वर्षं रेवाबेनच्या हातचं जेवलोय आम्ही!"

"तिच्या हातचं. वरून वाढलेलं. तिची पळी तुमच्या ताटाला लागली तर तुम्ही ताट विसळून घ्यायचात. मी बघितलंय. तो पानांचा किस्सा तुम्ही सगळ्यांना सांगता ना? काकांनी मला सांगितलं, तुम्ही फार हसून सांगता."

"त्यात हसण्यासारखंच आहे."

"त्या दिवशी आईनं शेजारून नवी ताटं मागून आणली होती. कोरी, स्टीलची, लेबलं न काढलेली. चावी विसरली म्हणून. त्या ताटांत कुणीच कधी जेवलेलं नव्हतं. आईनं ती धुऊन ओळीनं मांडली आणि तुम्हाला हाक मारली. तुम्ही दारात येऊन बघितलंत आणि म्हणालात, नको, शनाभाईला पानं आणायला सांग. बापूंच्या चपला तुटल्या होत्या. भर वैशाखात, दुपारी, अनवाणी गेले ओढ्यापलीकडे. पाय असे भाजले होते की रात्री नाव न्यायला मी गेलो. तुम्ही अंगणात जेवत होतात तेव्हा आई आत बसून ती ताटं परत पुसत होती, शेजारी द्यायची म्हणून."

तो जे म्हणाला त्यातलं मला काय आठवत होतं? ताटं आठवत होती. चकचकीत होती, हेही आठवत होतं. पण एवढं काय त्यात? त्या काळी सगळेच पाळायचे. मी काही कुणाला शिवी दिली नव्हती, कुणाला हाकललं नव्हतं. दर दिवाळीला साडी दिली, मिठाई दिली, विक्रमसिंहांचे चांगल्यातले शर्ट दिले. माझं काय चुकलं, हे कुणीतरी मला नीट समजावून सांगावं. आणि हा कालचा पोरगा चारचौघांसमोर माझा हिशेब मांडत होता.

"थांब," मी म्हणाले. "आता यांनाच विचारते. यांच्यासमोर बोल हे सगळं. बायपास झालेल्या माणसाचे शनिवार काढून घेतोयस, त्यांच्या तोंडावर सांग."

"काकांचे शनिवार?" पीयूष म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "काकांना कोण नाही म्हणालंय?"

मी त्याला ओलांडून आत गेले. पुढची खोली, मग मधली. तिथून पुढे मी कधी गेले नव्हते. मधल्या खोलीच्या टोकाला स्वयंपाकघराचा उंबरा आहे, त्याच्या अलीकडूनच मी नेहमी हाक मारायचे. आतून हसण्याचा आवाज आला. विक्रमसिंहांचा. हा माणूस घरी असा हसत नाही. मांजलपूरला तर टीव्हीवर कितीही विनोदी काही चालू असलं तरी नुसतं हं करतो.

ते जमिनीवर पाटावर बसले होते, भिंतीला पाठ लावून. पुढ्यात रोटला, लसणाची चटणी आणि माशाचा रस्सा. रेवाबेन समोर चुलीशी बसून दुसरा रोटला थापत होती. पूर्वी गॅस नव्हता तेव्हाही ती तिथेच बसायची म्हणे, आता गॅस आहे तरी रोटल्याला चूलच. विक्रमसिंह बोटं चाटत होते. माझ्या घरी मापून दोन फुलके खाणारा माणूस.

मला काय झालं होतं, कुणास ठाऊक, मी रागानं बोलायला गेले आणि माझं लक्ष ताटाकडे गेलं. आमच्याकडे काय, यांच्याकडे काय, लग्नकार्याला भांडी घेतली की त्यावर नाव कोरून घ्यायची रीत आहे. त्या ताटाच्या काठावर गुजराती अक्षरांत नाव कोरलेलं होतं. विक्रमभाई. अक्षरं घासून घासून पुसट झाली होती. एक-दोन वर्षांत ताट इतकं झिजत नाही.

"हे कधीचं?" मी विचारलं.

विक्रमसिंहांनी वर बघितलं. घाबरले नाहीत, ओशाळलेही नाहीत. "पीयूष झाला तेव्हाचं. शनाभाईनं सगळ्यांची केली होती. बारशाची."

"म्हणजे पहाटे तुम्ही नावेतून येऊन..."

"जेवायचो इथे. तुला माहीत नव्हतं?"

दुपारी दोन घास खाऊन उठायचे ते! आणि मी नदीच्या हवेला बोल लावत होते. मी आयुष्यभर पितळी ताटं घासत, पुसत, कुलपात ठेवत आले, आणि ज्यांच्यासाठी ठेवली ते भिंतीच्या पलीकडे पोटभर जेवून यायचे. मला इतका संताप आला की मला त्या ताटाला लाथ मारावीशी वाटली. ताटापलीकडे मांडणीवर बाकीची ताटं उभी होती, दोन आडव्या दांड्यांत अडकवलेली. मी एकेक नाव वाचत गेले. शनाभाई. रेवा. पीयूष. मग नंतरचं, नवं, कोमल. माझ्या मुलांचीही दोन होती. पुण्यातल्याचं आणि कॅनडातलीचं. म्हणजे तेही. लहानपणी बापाबरोबर पहाटे नावेत जायचा हट्ट करायचे, तो याच्यासाठी.

मी पुन्हा एकदा पहिल्यापासून बघितली. मग मी जे विचारलं ते मला विचारायचं नव्हतं. ते तोंडातून गेलं.

"रेवाबेन, माझं नाही केलं?"

रेवाबेननं रोटला तव्यावर टाकला. हात पिठाचे होते, ते झटकले. माझ्याकडे बघून ती हसली नाही आणि रागावलीही नाही. आपण एखादी वस्तू कुठे ठेवलीय ते सांगतो, तसं म्हणाली, "तमारी थाळी तो पेटीमां छे ने, बेन."

तव्यावरचा रोटला करपायला लागला तसा तिनं तो उलटला.

"चला," मी विक्रमसिंहांना म्हणाले. "उठा. पेटी गाडीत टाकू आणि निघू. इथे पुन्हा पाऊल ठेवायचं नाही."

"मी सोमवारपर्यंत राहतोय," ते म्हणाले.

"कुठे? खोली तर भाड्यानं दिली त्यांनी."

"खोलीत मी कधी झोपलो, वसु? शनाभाईची खाट आहे मधल्या घरात. गोळ्या आणल्यात मी, बॅगेत आहेत." मग म्हणाले, "तू पण बस. पाट आहे."

आत्ता, इतक्या वर्षांनी, पाट आहे! हे त्यांनी सासूबाई असताना म्हणायचं, मी नवी नवरी असताना म्हणायचं, एकदा तरी माझा हात धरून उंबऱ्याच्या आत न्यायचं. त्यांनी स्वतःपुरतं दार उघडून घेतलं आणि मला चावी सांभाळायला बाहेर ठेवलं. मी रेवाबेनकडे बघितलं. बस, असं ती म्हणाली नाही. ती दुसरा गोळा मळत होती. ती एकदा जरी म्हणाली असती तरी मी बसले असते की नसते, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी बाहेर आले. पेटी एकटीनं उचलता येण्यासारखी नव्हती. पीयूष म्हणाला, जेवणं आटपली की दोघं जण लावून गाडीत चढवून देतो. म्हणजे मला थांबणं भाग होतं. बसायला जागा नव्हती, सगळ्या खुर्च्या त्या टोळक्यानं अडवलेल्या. मी पेटीवर बसले. पत्रा उन्हानं तापला होता, साडीतून चटका लागत होता.

कोमल आणि पीयूष ताटं घेऊन आले. मोठी, स्टीलची, 'रेवा' असं कोरलेली. पोरापोरींनी रोटले मोडले, बोटं चाटली, अजून वाढा म्हणून ओरडले. ज्या मुलीला मी उठवलं होतं ती ताट हातात घेऊन उभ्या उभ्याच जेवत होती. सगळ्यांना वाढून झाल्यावर कोमल पुन्हा आत गेली आणि येताना तिच्या हातात पळसाची पत्रावळ होती. बाजारात मिळते तसली यंत्रावर दाबलेली नाही, हिरव्या काड्यांनी टाचलेली. रोटला, वांग्याचं भरीत, गूळ, कांदा. माशाचा रस्सा नव्हता.

"बानं सांगितलं, मॅडमना पानावर वाढ," कोमल म्हणाली. "कुणाचं वापरलेलं नाही. पाणी बाटलीतलं आणते."

तिच्या बोलण्यात टोमणा होता का? मी पुष्कळ शोधला, मला सापडला नाही. पत्रावळ परत करावी, तिथल्या तिथे अंगणात भिरकावून द्यावी, असं मनात आलं. पण सकाळपासून चहाच्या एका कपावर होते मी, आणि भरिताचा वास सुटला होता. मी पत्रावळ मांडीवर घेतली आणि जेवायला लागले. आतून पुन्हा विक्रमसिंहांचा हसण्याचा आवाज आला. रेवाबेन काहीतरी सांगत होती, शब्द कळत नव्हते.

ती बूटवाली मुलगी माझ्यापाशी आली. माझ्या पत्रावळीकडे वाकून बघायला लागली, मग आपल्या ताटाकडे.

"वॉव आंटी, ये पत्ते वाला कितना मस्त है! हमको तो स्टील में दिया. इसके लिए अलग से बोलना पडता है क्या?"

"नहीं," मी म्हणाले. "इसके लिए बहुत साल आना पडता है."

ती हसली, तिला ते आवडलं. मग तिनं मोबाईल काढला आणि फोटोत पानाबरोबर पेटीवरचं जुनं नावही आलं पाहिजे म्हणाली, तेव्हा मी जरा बाजूला सरकले.